पांजरपोळ ते परळ : मुक्या जिवाच्या निरोपाची पूर्वपीठिका

असाध्य व्याधीने जर्जर झालेल्या कुत्र्याला किंवा मांजराला कवेत घेऊन पशुवैद्याच्या दवाखान्याची पायरी चढावी, आणि सारे इलाज थकल्यावर त्या वैद्याच्याच हातून त्याची यातनांतून सुटका करवून त्याला अखेरचा निरोप द्यावा, ही चाल आज मुंबई-पुण्याच्या घरांतून रुळली असली, तरी आपल्या समाजजीवनात ती फार जुनी नाही. पूर्वी इमानी जनावराविषयी कृतज्ञता नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. वाघाच्या शिकारीत आपला प्राण वाचवणाऱ्या खंड्या नावाच्या कुत्र्याला थोरल्या शाहू महाराजांनी पालखीचा मान दिला, आणि साताऱ्यालगत संगम माहुलीस त्याची समाधीही आहे. परंतु मरणपंथाला लागलेल्या जनावराच्या शेवटच्या वेदनांचे काय करावे, या प्रश्नाला समाधी हे उत्तर नव्हे. त्या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे एकोणिसाव्या शतकातील मुंबईत समोरासमोर उभी राहिली.

उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा कंपनी सरकारच्या पोलिसांचा जुना शिरस्ता होता. 1832 च्या जून महिन्यात या हुकमाच्या अंमलबजावणीवरून कोटातील पारशी समाज खवळून उठला, आणि त्यात आश्चर्य काही नव्हते. कारण मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडल्यावाचून ज्यांचा अंत्यविधी पुरा होत नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच कुत्र्याला भर रस्त्यात ठेचून मारले जात होते. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली, लष्कराची रसद अडवली गेली, आणि अखेर बंदोबस्ताला पलटण बोलवावी लागली. पुढे 1834 साली जमशेटजी जीजीभाईंनी शेठ-सावकारांच्या साह्याने भुलेश्वराच्या परिसरात पांजरपोळ स्थापन केली. जीव आपल्या हाताने घ्यायचा नाही, आंधळ्या, लंगड्या, थकलेल्या जनावरालाही त्याचे आयुष्य नैसर्गिकपणे सरेपर्यंत वैरण-पाणी द्यायचे, हे तिचे व्रत. तेथे तळमळणारी जनावरे पाहून अनेक युरोपीय प्रवाशांनी या संस्थेवर कडक टीका केली. तिच्यात तथ्य असले तरी, बाजारात कवडीमोल ठरलेल्या बैलापुढे रोज पेंढी टाकणाऱ्या त्या दयेला मी कठोर म्हणू शकत नाही. मात्र जी वेदना वैरणीने शमत नाही, तिच्यापाशी ही दया निरुपाय होऊन उभी राहत होती, हेही कबूल केले पाहिजे.

दुसरी दया विलायतेहून आली. 1824 साली लंडनमध्ये निघालेल्या प्राणिक्रौर्य निवारक मंडळीच्या धर्तीवर मुंबईत तशीच संस्था 1874 मध्ये स्थापन झाली, आणि शहरात घोड्यांच्या ट्रामगाड्या धावू लागल्या त्याही त्याच वर्षी. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालयही तेथेच सुरू झाले. तेथील विद्येचा भर मुख्यतः घोड्या-बैलांवर होता, कारण राज्यकारभार, लष्कर आणि व्यापार यांचा गाडा त्यांच्याच खांद्यावर चालत असे. पाय मोडलेल्या घोड्याला गोळी घालणे ही त्या काळच्या दयेची परिसीमा होती. आणि लंडनमध्ये बेंजामिन रिचर्डसन यांनी 1884 च्या सुमारास बेवारशी कुत्र्यांसाठी मृत्युकक्ष उभारला, तोही वेदना टाळण्याच्याच हेतूने. पण गोळी असो वा कक्ष, त्या ठिकाणी धन्याला उभे राहता येण्याजोगे काही नव्हते. जनावर शिपायाच्या स्वाधीन करायचे आणि मान वळवून घरी परतायचे, एवढेच त्याच्या हाती उरे.

ही स्थिती पालटली ती शिरेतून देण्याच्या भूल-औषधांमुळे. 1930 नंतर बार्बिट्युरेट वर्गातील औषधे पशुवैद्यकात रूढ झाली आणि मृत्यू गाढ झोपेच्या वाटेने येऊ शकला. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोठे स्थित्यंतर हेच. कारण मरण शांत झाले तेव्हाच माणसाला त्याच्याजवळ थांबणे शक्य झाले. पुढच्या पायावरचे केस काढून वैद्य शीर शोधतो, सुई बसवून ती पट्टीने बांधतो, आधी गुंगीचे औषध देतो. घरचा माणूस डोक्यावरून, कानामागून हात फिरवीत ओळखीच्या नावाने हाक मारीत राहतो. मग मुख्य औषध जाते, श्वास लांबतो, थांबतो, आणि वैद्य स्टेथोस्कोप छातीला लावून पुरता खात्रीचा वेळ ऐकत राहतो. डोळे पुष्कळदा उघडेच राहतात, हे चांगला वैद्य आधी सांगून ठेवतो. "डॉक्टर, त्याला दुखणार नाही ना?" हा प्रश्न त्या टेबलापाशी हटकून विचारला जातो, आणि त्याचे खरे उत्तर देता येण्यासाठी वैद्यकाला इतकी वर्षे खर्ची घालावी लागली.

जनावराला जिवंत ठेवणेच क्रौर्य ठरेल अशी खात्री झाल्यास न्यायालयाला त्याच्या नाशाचा आदेश देता येतो, ही तरतूद 1960 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियमाच्या तेराव्या कलमात आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत धरलेल्या आग्रहातून तो कायदा आकारास आला. घरातल्या जनावराचा निर्णय मात्र न्यायालयात होत नाही. तो स्वयंपाकघरात, रात्री उशिरा, दुखणाऱ्या जिवाच्या कण्हण्याला कान देत होतो. पुष्कळ कुटुंबे आजही सुईला नकार देतात, वेदनाशामक आणि सलाईनवर जनावराला घरीच ठेवतात, आणि उशाशी बसून त्याच्या शेवटाची वाट पाहतात. त्यांच्या मनात भुलेश्वरची पांजरपोळ जिवंत आहे; दवाखान्याची वाट धरणाऱ्यांच्या मनात परळ. दोघांपैकी कोणाचीही माया उणी नाही, परंतु वेदना असह्य झाल्याचे वैद्याने स्वच्छ सांगितल्यावरही केवळ आपल्याला निरोप सोसवत नाही म्हणून दिवस लांबवणे मला अन्यायाचे वाटते. आणि जनावर टेबलावर सोडून बाहेर निघून जाणे, त्याहूनही अधिक.

निरोपानंतर देह कोठे न्यावा, हा प्रश्न मात्र या महानगराने फार काळ घरोघरच्या माणसांवरच सोडला होता. ज्याच्याजवळ अंगण होते त्याने झाडाखाली खड्डा खणला, चाळीत आणि सदनिकेत राहणारा दारोदार चौकशी करीत हिंडला. मालाडच्या कोंडवाड्याच्या आवारात महापालिकेने लहान प्राण्यांसाठी दाहिनी सुरू केली, ती 2023 मध्ये.