तळटीप : गुल महंमद

१. गुल महंमद (१९२१–१९९२). लाहोरचा, बुटका, डावखुरा फलंदाज. बडोद्याकडून रणजी करंडक खेळला. मार्च १९४७मध्ये बडोद्यातच होळकर संघाविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात ३ बाद ९१ अशा अवस्थेत तो आणि विजय हजारे एकत्र आले, आणि त्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या : गुल ३१९, हजारे २८८. समोर सी. के. नायडूंचा बलाढ्य संघ होता, हे विसरू नये. बडोद्याने ७८४ धावा करून सामना एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकला. कोणत्याही गड्यासाठीचा हा विश्वविक्रम २००६मध्ये संगकारा-जयवर्धने जोडीने मोडला, तोवर तो ५९ वर्षे टिकला. कसोटीत मात्र गुलला सूर सापडला नाही. भारताकडून ८ कसोट्या, पुढे पाकिस्तानकडून १९५६मध्ये एक, एवढीच त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द. दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले तिघेच; त्यांतला अमीर इलाहीही बडोद्याकडून खेळलेला. लेखकाने गुलला ‘हजाऱ्यांचा जोडीदार’ एवढेच म्हटले आहे. ते अन्यायाचे वाटते, कारण त्या भागीदारीतला मोठा वाटा गुलचाच होता.