तुकूम म्हणजे काय?

चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आहे. जुन्या महसुली कागदात हा शब्द भेटला तर घाईनं पुढे जाऊ नका. गोंडराजांच्या काळी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन सवलतीनं मिळे, त्या देणगीचं हे नाव. म्हणजे जमीन हवी, तर आधी पाणी अडवा! परवान्याची ही अट मला आजच्या ना-हरकत दाखल्यापेक्षा कडक वाटते. कोहळी लोक तर तलाव बांधण्यात वाकबगारच.

1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. पाळ राखणारा मालगुजार उरला नाही. गाळ साचत गेला. तलावाच्या पोटात आज शेत किंवा प्लॉट दिसला, तर नुसता सातबारा पाहून थांबू नका. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढा. गावाचा पाण्यावरचा हक्क तिथं लिहिलेला असतो.