कोकण किनाऱ्यावरील शिडाची सफर व सागरी जीवदर्शन

किनारा नजरेत ठेवून शिडाच्या बोटीने मुंबईहून दक्षिणेला गोव्याच्या दिशेने जाणे आणि वाटेत डॉल्फिन, कासवे, देवमासे व समुद्रपक्षी पाहणे, असे या सफरीचे स्वरूप असते. मुंबई ते गोवा हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल भरते. हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि मेच्या मध्यापर्यंत चालतो. पुढे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळतो. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते.

सारा प्रवास दोन वाऱ्यांवर बेतलेला असतो. हिवाळ्यात रात्री उशिरा जमिनीवरून मतलई वारा सुटतो व सकाळी ऊन तापू लागले की पडतो. दुपारी समुद्राकडून, बहुधा वायव्येचा, खारा वारा भरतो. त्यामुळे बोट पहाटे मतलईवर खाडीबाहेर काढायची आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर दक्षिणेला हाकायची, ही जुनी रीत आजही चालते. परतताना तोच वारा समोरून येतो आणि बोटीला नागमोडी वळणे घेत पुढे सरकावे लागते. मराठा आरमाराची गलबते शिडाबरोबर वल्हीही बाळगत, कारण दोन वाऱ्यांमधल्या निवांत वेळी शीड लोंबकळत राहते.

मुक्कामाला जागा भरपूर आहेत. खांदेरी, मुरूड-जंजिरा, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशा थोड्या थोड्या अंतरावर खाड्या आणि बंदरे लागतात. बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. भरती-ओहोटीची वेळ चुकली तर बोट त्यावर रुतते. म्हणून स्थानिक तांडेलाचा सल्ला घ्यावा.

किनाऱ्यालगत सर्वाधिक दिसणारा सस्तन प्राणी म्हणजे कुबडवाला डॉल्फिन. कोकणात त्याला गादा म्हणतात. तो उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी माशांमागे फिरतो. वर येताना आधी लांबट चोच तिरकी बाहेर पडते, मग पाठीची कमान आणि तिच्यावरच्या उंचवट्यावरील लहान त्रिकोणी पर. श्वास सोडल्याचा ‘फुस्स’ आवाज वारा पडलेला असेल तर दुरूनही ऐकू येतो. याच पाण्यात पंखहीन पॉर्पॉइज असतो, पण त्याच्या पाठीवर परच नसल्याने गुळगुळीत काळपट पाठ क्षणभर चमकते आणि नाहीशी होते. सरावलेल्या डोळ्यांनाही तो हुलकावणी देतो.

देवमासे खोल पाण्याकडे सरकल्यावर दिसण्याची शक्यता वाढते. ब्राइडचा देवमासा डोक्यावरील तीन समांतर कण्यांवरून ओळखता येतो, आणि बुडी मारताना तो सहसा शेपूट वर काढत नाही. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात निळ्या देवमाशाची नोंद झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूवर निळ्या देवमाशाचे पिल्लू अडकले. ग्रामस्थ आणि शासकीय यंत्रणांनी शर्थ करूनही ते वाचले नाही.

ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात विणीसाठी किनाऱ्याजवळ येतात आणि श्वास घ्यायला वर आल्यावर बोटीतून दिसतात. वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांसह त्यांची घरटी राखली. २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीला उपग्रह टॅग लावून ‘प्रथमा’ नाव दिले गेले. २०२१ मध्ये ओडिशात खूण केलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचा संबंध दाखवणारी ही नोंद फार मोलाची आहे.

पक्ष्यांत कुरव व सुरय सर्वत्र दिसतात, तर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर घरटे बांधतो. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील गुहांत भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. त्यांच्या लाळेने बांधलेल्या घरट्यांची पूर्वी चोरटी तोड होत असे, म्हणून तेथे उतरण्याचा आग्रह धरू नये.

या निरीक्षणासाठी शिडाची बोट सर्वांत योग्य ठरते, कारण तिला इंजिनाचा गोंगाट नसतो. डॉल्फिन आवाजावर जगतात. भक्ष्य शोधणे आणि परस्परांशी संपर्क ठेवणे, दोन्ही त्यांना आवाजानेच साधते. पर्यटकांच्या यांत्रिक होड्या चहूबाजूंनी घेरतात तेव्हा कळप पांगतो, पिल्लू आईपासून दुरावू शकते. शिडाच्या बोटीनेही वाट अडवू नये, कळपाच्या बाजूने समांतर चालावे आणि प्राणी स्वतः जवळ आले तर दिशा व वेग बदलू नये.

हे सर्व प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येतात.  किनाऱ्यावरील काम राज्याच्या वन विभागाचा २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष पाहतो. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये २९.१२ चौ. किमी क्षेत्रावर घोषित झाले. मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला, आणि त्यांची चिंता पोटाची होती. म्हणून २०१८ ची भरपाई योजना महत्त्वाची ठरते: जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला तिच्यानुसार २५,००० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळते.