हाकेचे अंतर

निपाणी आणि कागल ह्या दोन गावांमध्ये अंतर फार नाही. पुणे-बंगळूर महामार्गाने निघालेला मनुष्य अर्ध्या तासात एका गावातून दुसऱ्या गावात पोहोचतो. वाटेत कोगनोळी लागते, दूधगंगेचा पूल लागतो, आणि तेवढ्यात एक राज्य संपून दुसरे सुरू झालेले असते. दोन्ही बाजूंची पिके तीच, सोयरीक तीच आणि बोलीही तीच. असे असूनही एका गावातील माणसास दुसऱ्या गावातील माणसाशी चार शब्द बोलावयाचे झाल्यास काय खटाटोप करावा लागे व त्याचे किती पैसे पडत, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आज संगणकाच्या वा मोबाइलच्या ब्राउझरमधून, म्हणजे संकेतस्थळे पाहण्याच्या साध्या साधनातून, परस्परांस पाहत व ऐकत बोलण्याचे तंत्र सर्वत्र पसरले आहे. त्याच्या बाजारपेठेविषयी मोठमोठी भाकिते केली जातात. ती पारखून घ्यावयाची असतील, तर हा जुना इतिहास प्रथम पाहिला पाहिजे.

मुंबईत टेलिफोनचे केंद्र १८८२ साली सुरू झाले. बेळगाव आणि निपाणी त्या काळी मुंबई इलाख्यातच होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, आणि हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तारा होत्या तेथेच राहिल्या. दूरध्वनी ही तेव्हा चैनीची वस्तू होती. परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, तातडीचा आणि त्याहून तातडीचा 'लाइटनिंग' असे त्याचे प्रकार असत, आणि जितकी घाई अधिक तितका दर अधिक असे. निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ. बाहेरगावचा भाव वेळेवर कळणे हा तेथे नफ्या-तोट्याचा प्रश्न होता. ज्याच्या पेढीवर दूरध्वनी होता, त्याला भाव आधी कळे. ज्या शेतकऱ्याने तंबाखू पिकविली, त्याला तो सर्वांच्या शेवटी कळे. बातमी कोणाला आधी मिळते, ह्यावर मालाचे मोल कोणाच्या पदरात पडते हे बरेचसे ठरत असते. १९८१ साली निपाणीच्या महामार्गावर तंबाखू उत्पादकांचे जे आंदोलन झाले व ज्याची अखेर गोळीबारात झाली, त्यामागे रास्त भावाचीच मागणी होती.

थेट नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय भारतात प्रथम १९६० साली लखनौ-कानपूर ह्या मार्गावर झाली. ती देशभर पसरत गेली, तसे गावोगाव संकेतांक ठरले. कोल्हापूरचा संकेतांक ०२३१ आणि बेळगावचा ०८३१. फरक एका आकड्याचा. पण त्या एका आकड्यात पश्चिम विभाग आणि दक्षिण विभाग एवढी मोठी वाटणी सामावली होती. मौजेची गोष्ट अशी की, गोव्याचा संकेतांक ०८३२ असल्यामुळे आकड्यांच्या यादीत बेळगावचा सख्खा शेजारी पणजी ठरला, आणि कोल्हापूर दूर राहिले. ह्याच काळात, १९६३ साली, सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. रेडिओचा आवाज राज्याची शीव विचारीत नसे. पण तो एकतर्फी होता. ऐकणाऱ्यास उलट बोलण्याची सोय त्यात नव्हती.

ऑगस्ट १९८४ मध्ये 'सी-डॉट' ही संस्था स्थापन झाली व खेड्यांतील उष्णता आणि धूळ सोसणारी देशी दूरध्वनी केंद्रे तिने तयार केली. त्यानंतर काही वर्षांतच पिवळ्या पाट्यांची एसटीडी दुकाने चौकाचौकांत उभी राहिली. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. बेळगाव, खानापूर, चंदगड ह्या टापूतील पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी सैन्यात असते. रात्री दर उतरला की ह्या दुकानांपुढे रांग लागे, आणि भिंतीवरच्या यंत्रातील लाल आकडे पळताना पाहून बोलणारा आपले वाक्य अर्ध्यावरच आवरते घेई. ह्या धंद्याने असंख्य माणसांना, त्यांत अपंगांनाही, रोजी मिळवून दिली. दुकानदाराची मिळकत मात्र प्रत्येक कॉलवरच्या दलालीची होती. मोबाइल स्वस्त झाला, तेव्हा ती दलाली गेली, आणि पाठोपाठ दुकानेही गेली. ज्याची उपजीविका संभाषणाच्या दरावर चालते, त्याचा आधार दर शून्यावर येताच नाहीसा होतो, हा पिवळ्या पाट्यांचा धडा पुढील विवेचनात लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मोबाइल भारतात १९९५ साली आला. त्याचे परवाने राज्यवार मंडळे पाडून देण्यात आले. महाराष्ट्र व गोवा हे एक मंडळ, कर्नाटक हे दुसरे. सीमाभागाला ह्याची झळ विशेष बसली. मोबाइलला नकाशा कळत नाही. ज्या मनोऱ्याची लहर जोरकस, त्याला तो चिकटतो. त्यामुळे कागलच्या बाजूचा मनोरा पकडताच निपाणीकडील मनुष्य घरबसल्या 'परराज्यात' जाई, आणि आलेल्या कॉलचेही पैसे त्याला मोजावे लागत. अनेकांनी ह्यावर दोन सिमकार्डे बाळगण्याचा उपाय योजला. १ मार्च २००६ रोजी सरकारी कंपन्यांनी देशभर मिनिटाला एक रुपया असा दर आणला. जुलै २०१५ पासून एका मंडळातील क्रमांक दुसऱ्या मंडळात नेण्याची मुभा मिळाली, आणि २०१६-१७ मध्ये कंपन्यांच्या स्पर्धेपुढे रोमिंगचा आकार टिकू शकला नाही. दूधगंगेच्या पुलावर आवाजाला द्यावी लागणारी जकात अशी सुमारे साठ वर्षांनी उठली.

आता ब्राउझरच्या तंत्राकडे वळू. २०१० साली गूगलने 'ग्लोबल आयपी सोल्युशन्स' ही कंपनी सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरांना विकत घेतली, आणि २०११ साली तिच्यापाशी असलेले आवाज व चित्र वाहून नेण्याचे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यास 'वेबआरटीसी' असे नाव मिळाले. २०१३ च्या आरंभी क्रोम आणि फायरफॉक्स ह्या दोन भिन्न ब्राउझरांमध्ये थेट संभाषण होऊ शकले. चित्र कोणत्या पद्धतीने आटोपशीर करावयाचे, ह्यावर दोन पक्ष पडले होते. २०१४ साली दोन्ही पद्धती मान्य करून तो तंटा मिटविण्यात आला. २०१७ साली ॲपलच्या सफारीने हे तंत्र स्वीकारले, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

त्याची रीत थोडक्यात अशी. ब्राउझर प्रथम कॅमेरा व मायक्रोफोन वापरण्याची परवानगी मागतो. आवाजाचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे बारीक तुकडे करून ते कुलूपबंद स्थितीत पाठविले जातात. शक्य तेथे दोन यंत्रे परस्परांशी थेट जोडली जातात. मध्ये आडपडदा असल्यास तिसऱ्या संगणकाची मध्यस्थी घ्यावी लागते. एकीकडचा शब्द दुसरीकडे दीडशे सहस्रांश सेकंदांत पोहोचला, तर बोलणे सहज वाटते. त्याहून फार उशीर झाला, तर दोघे एकाच वेळी बोलू लागतात. ह्यासाठी वेगळे उपकरण नको, वेगळा कार्यक्रम उतरवून घेणे नको. पाठविलेल्या दुव्यावर बोट ठेवले की पुरे.

ह्या तंत्राची कसोटी २०२० साली लागली. शाळा बंद झाल्या, न्यायालये बंद झाली, दवाखान्याची पायरी चढण्यासही माणूस भिऊ लागला. डॉक्टरचा सल्ला दूरस्थपणे देणारी 'ई-संजीवनी' ही शासकीय सेवा त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये घरबसल्या रुग्णांसाठी खुली झाली. २०२१ साली महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरणाऱ्यास आरटी-पीसीआर चाचणीचा दाखला दाखवावा लागे, आणि कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडविल्या जात. बहिणीच्या गावाला जाणारा भाऊ नाक्यावरून परत फिरे. पण त्याचा आवाज आणि त्याची मुद्रा नाका ओलांडून जात असे. ज्या मुलुखात एका घराचे दोन भाग दोन राज्यांत पडले आहेत, तेथे ही सोय केवळ करमणुकीची नव्हती, हे सांगावयास नको.

मग ह्याच्या बाजाराचे भवितव्य काय? अंदाज वर्तविणाऱ्या संस्थांचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत. म्हणून घडून गेलेल्या गोष्टींचाच आधार घेणे श्रेयस्कर. स्काइप ही कंपनी २००५ साली २६० कोटी डॉलरांना, आणि २०११ साली ८५० कोटी डॉलरांना विकली गेली. मे २०२५ मध्ये ती सेवा बंद झाली. एरिक्सन ह्या स्वीडिश कंपनीने ब्राउझर-संभाषणाचे प्रारंभीचे प्रयोग केले होते. तिने २०२२ साली ह्याच क्षेत्रातील व्होनेज ही कंपनी सुमारे ६२० कोटी डॉलरांना घेतली, आणि पुढच्याच वर्षी मुख्यतः त्या व्यवहारापोटी सुमारे ३२०० कोटी स्वीडिश क्रोन तोट्यात मांडले. ह्या अवधीत वापर घटला होता असे नाही. तो वाढतच होता. वापर वाढणे आणि पैसा मिळणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. मूळ तंत्र फुकट असल्यामुळे कोणीही ते उभारू शकतो, आणि जे कोणीही देऊ शकतो त्याला भाव राहत नाही. एसटीडीच्या दुकानदाराला जे चौकात कळले, ते ह्या कंपन्यांना कोट्यवधी डॉलर मोजून कळले.

ह्यावरून पुढील दिशा समजते. मिळकत संभाषणाच्या वहनात राहणार नाही. संभाषणातून जे काम होते, त्यात राहील. बेळगावच्या फाउंड्रीचा मालक ओतकामातील दोष पुण्याच्या गिऱ्हाइकाला तेथल्या तेथे दाखवू शकला, तर एक फेरी वाचते. खासगी शिकवणी घेणारा शिक्षक, पक्षकाराला सल्ला देणारा वकील, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची जखम पाहणारा वैद्य, ह्या सर्वांना आपल्या कामाचा मोबदला मिळतो, बोलण्याचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच महाराष्ट्रातील एका खटल्यात परदेशस्थ साक्षीदाराची साक्ष दृक्‌श्राव्य साधनाने घेण्यास मान्यता दिली होती. कायद्याने मार्ग मोकळा केला होता. साधन त्यानंतर स्वस्त झाले.

तथापि सीमाभागाच्या दृष्टीने खरी अडचण पुढेच आहे. तंत्राने सीमा पुसली, तरी व्यवस्थेत ती शिल्लक आहे. ई-संजीवनीची रचना राज्यवार आहे. निपाणीचा रुग्ण एरवी मोटारीत बसून कोल्हापूरचा डॉक्टर गाठतो, आणि चंदगडचा रुग्ण बेळगावचा. पण पडद्यावर मात्र प्रत्येकाला आपापल्या राज्याच्या दाराशीच उभे राहावे लागते. समोरच्या डॉक्टरला मराठी येत नसेल आणि विडी वळणाऱ्या बाईला कन्नड वा इंग्रजी येत नसेल, तर चित्र कितीही स्वच्छ दिसले तरी पोटात कोठे व कसे दुखते हे सांगावयाचे राहून जाते. रस्त्याने जाताना जी निवड तिला होती, ती पडद्यापुढे बसताच नाहीशी होते.

ह्यावर यंत्राकरवी भाषांतर हा एक उपाय सुचविला जातो. केंद्र शासनाचा 'भाषिणी' हा उपक्रम जुलै २०२२ मध्ये सुरू झाला असून मराठी व कन्नड ह्या दोन्ही भाषांचा त्यात समावेश आहे. बोलता बोलता मराठीचे कन्नड व कन्नडचे मराठी होऊ लागले, तर त्याचा लाभ बेळगावाइतका क्वचितच दुसऱ्या कोणत्या शहरास होईल. परंतु यंत्र जे ऐकते तेच शिकते. 'काय करालाय?' असे विचारणारी बेळगाव-निपाणीची मराठी त्याच्या कानावर पुरेशी पडली नाही, तर ते तिला अशुद्ध मानून तिचा भलताच अर्थ लावील. म्हणून ह्या बोलीचे नमुने गोळा करून देणे, हे काम येथील शाळा-महाविद्यालयांनी अंगावर घेण्यासारखे आहे. त्याला भांडवल फारसे लागत नाही, चिकाटी लागते.

ट्रंक कॉलपासून ब्राउझरपर्यंतच्या ह्या प्रवासात दर टप्प्यावर एकच गोष्ट घडली. आवाज पोहोचविण्याचा खर्च उतरत गेला, आणि अडसर एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसला. तो प्रथम तारेच्या दुर्मिळतेत होता, मग दरपत्रकात, मग परवान्याच्या मंडळात. आज तो कार्यालयाच्या नियमात आणि भाषेच्या अज्ञानात आहे. पहिले तीन अडसर शास्त्रज्ञांनी आणि बाजाराने दूर केले. राहिलेला अडसर दूर करणे त्यांच्या हाती नाही. दोन शेजारी राज्यांनी आपल्या डॉक्टरांना, शिक्षकांना व कचेऱ्यांना पुलापलीकडच्या माणसाचे ऐकून घेण्याची मुभा दिली, तरच निपाणी आणि कागल ह्यांतील अंतर पुन्हा हाकेचे होईल.