ईम गांवचा स्वेच्छाबंद व त्याचीं साधनें

सांथ आली असतां गांव सोडून माळावर राहणें आपल्या लोकांस परिचित आहे. परंतु रोग बाहेर जाऊं नये म्हणून गांवानेंच आपणांस कोंडून घ्यावें, असें उदाहरण विरळा. इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांतलें ईम हें गांव त्याकरितां प्रसिद्ध आहे. या प्रसिद्धीस आधार कोणता, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम हकीकत. इ. स. १६६५ च्या सप्टेंबरांत लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाबरोबर ग्रंथिक सन्निपात गांवांत शिरला, असें सांगतात. १६६६ च्या जूनमध्यें तो पुन्हां भडकला. तेव्हां धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन व १६६२ मध्यें पदच्युत झालेले थॉमस स्टॅन्ली यांनीं मतभेद बाजूस ठेवून तीन ठराव केले : ज्याचें प्रेत त्यानें घराजवळच पुरावें, प्रार्थना उघड्या दरींत व्हावी, व शीव कोणीं ओलांडूं नये. बाहेरचे लोक शिवेवर धान्य ठेवीत. त्याचे पैसे शिर्क्यांत बुडवून ठेवले जात. ऑगस्टांत एलिझाबेथ हॅनकॉक या बाईनें आठ दिवसांत पति व सहा मुलें स्वतः पुरलीं. मॉम्पेसनची पत्नी कॅथरिन त्याच महिन्यांत वारली. नोव्हेंबरांत सांथ थांबली.

आतां साधनें. चर्चची मृत्युनोंद आज आहे ती १७०५ च्या सुमाराची नक्कल होय. मॉम्पेसनच्या २० नोव्हेंबर १६६६ च्या पत्रांत ७६ कुटुंबें व २५९ मृत्यु असा आंकडा आहे. त्यागकथेचा विस्तार मात्र पुढील शतकांतला. विल्यम वुडचा ग्रंथ तर १८४२ चा. ही कीर्ति बव्हंशीं मागाहून घडली, असें पॅट्रिक वॉलिस यांनीं २००६ सालीं प्रतिपादिलें. बखर व अस्सल पत्र यांतील भेद जाणणाऱ्या वाचकांस याचें नवल वाटणार नाहीं.

'स्वेच्छा' हा शब्दही तोलूनच घ्यावा लागतो. मॉम्पेसननें आपलीं मुलें आधींच बाहेर धाडलीं होतीं. सधनांपैकीं कांहीं निघून गेले होते. गरिबांस जावयास ठिकाण कोठें होतें ? शिवाय डेव्हनशायरच्या अर्लनें अन्न पुरविलें म्हणूनच हा बंद निभावला. निश्चय उपदेशकांचा असेल. त्याचा भार राहिलेल्यांनीं वाहिला. आमच्या मतें कथेचे अलंकार उतरविले तरी नोंदवहींतील नांवें उरतात, आणि त्यांचा मान कथेच्या खरेपणावर अवलंबून नाहीं.