गीक आणि नर्ड

गीक आणि नर्ड हे इंग्रजी बोलभाषेतून आलेले दोन शब्द असून ते एखाद्या विषयात असाधारणपणे रमणाऱ्या व्यक्तीस उद्देशून वापरले जातात. ते अनेकदा समानार्थी मानले जातात. तथापि गीक या शब्दाचा भर विषयाच्या ओढीवर, तर नर्ड या शब्दाचा भर अभ्यासूपणावर व चारचौघांत वावरतानाच्या अवघडलेपणावर असतो.

व्युत्पत्ती

गीक या शब्दाचा मूळ अर्थ ‘मूर्ख’ असा होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील जत्रांमध्ये किळसवाणे खेळ करणाऱ्यास गीक म्हणत. नर्ड हा शब्द डॉ. स्यूस यांच्या १९५० सालच्या बालपुस्तकात एका काल्पनिक प्राण्याचे नाव म्हणून आढळतो. संगणकाच्या प्रसारानंतर दोन्ही शब्दांतील हेटाळणी सौम्य झाली.

मराठीतील जवळचे शब्द

गीकच्या जवळचे शब्द ‘छांदिष्ट’ व ‘नादिष्ट’ हे होत. ‘गणितवेडा’, ‘नाटकवेडा’ अशा सामासिक शब्दांत वेडाचा विषय आधी सांगितला जातो. नर्डच्या जवळच्या ‘पुस्तकी किडा’ या शब्दप्रयोगात विषय गौण असून स्वभावावर बोट ठेवलेले असते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील दहाव्या समासात वर्णिलेला ‘पढतमूर्ख’ याहून निराळा आहे. तेथे विद्या असूनही तसे आचरण नसण्याचा दोष दाखविला आहे.

उदाहरण : द. रा. कापरेकर

हे शब्द मराठीत रुळण्यापूर्वीच्या काळातील गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या कार्यातून हा भेद स्पष्ट होतो. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले नव्हते. अंकांचे गुणधर्म शोधणे हा त्यांचा छंद होता. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी व आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या मिळते. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. या संख्येस ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. त्यांचे लेखन बहुधा लहान नियतकालिकांतून वा स्वखर्चाने प्रसिद्ध होत असे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर ते जगभर परिचित झाले. संशोधन तेच असूनही आधी ज्यास नाद समजले गेले, त्यास पुढे व्यासंगाचा मान मिळाला. गीक व नर्ड ही विशेषणेही अशीच व्यक्तीच्या गुणांइतकीच ती लावणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असतात.