जाहिरातपटांची उमेदवारी

श्याम बेनेगल (१९३४-२०२४) यांच्या कर्तृत्वाचा विचार ‘अंकुर’पासून (१९७४) आरंभण्याचा प्रघात आपल्या समीक्षेत पडला आहे. त्याआधीची वर्षे चरितार्थाची म्हणून एका वाक्यात उरकली जातात. १९५९ साली मुंबईच्या लिंटास या जाहिरातसंस्थेत मजकूर लिहिण्यासाठी रुजू झालेल्या या गृहस्थांनी पुढे शेकडो जाहिरातपट व अनुबोधपट केले. हा काळ वनवासाचा मानण्याकडे आपला कल असतो. मला ती उमेदवारी वाटते. तिची किंमत त्यांना मोजावी लागली हे मात्र खरे. ‘अंकुर’ची मूळ कथा त्यांनी महाविद्यालयात असतानाच लिहिली होती, आणि तिला निर्माता मिळेपर्यंत त्यांची चाळिशी जवळ आली.

निर्माता लाभला तोही कोठून? देशभरच्या चित्रपटगृहांना जाहिरातपट पुरविणाऱ्या ब्लेझ या संस्थेकडून. विक्रेय वस्तूंच्या प्रशस्तीतून जमलेला पैसा तेलंगणातील एका जमीनदारपुत्राच्या भ्याड क्रौर्याची कथा सांगण्यास कामी आला! शिवाय, क्षणार्धात आणि शब्दाविना आशय पोहोचविण्याची जी सवय जाहिरातपट लावतो, ती या चित्रपटाच्या शेवटी पाहावी. एक पोरगा दगड भिरकावतो, खिडकीची काच फुटते, पडदा लाल होतो. एखाद्या व्याख्यानप्रिय दिग्दर्शकाने येथे दहा मिनिटे खर्चिली असती.

‘निशांत’ (१९७५) आणि ‘मंथन’ (१९७६) यांच्या पटकथांना तेंडुलकरांचा हात लागला. ‘मंथन’साठी गुजरातेतील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, त्या दूधचळवळीशी बेनेगलांचा परिचय अनुबोधपटांच्या निमित्तानेच झालेला होता.

‘भूमिका’विषयी (१९७७) मात्र मराठी वाचकाच्या मनात किंतु राहतो. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन तिचा आधार. गतकाळाचे प्रसंग कधी कृष्णधवल, कधी वेगळ्या रंगच्छटेत दाखवून बेनेगलांनी जुन्या चित्रसृष्टीचा काळ विलक्षण नेमकेपणाने उभा केला आहे, आणि स्मिता पाटील यांचा अभिनय तर वादातीत आहे. परंतु पुस्तकात बाई स्वतः बोलते. अडखळते, स्वतःलाही सोडत नाही. पडद्यावर आपण तिच्याकडे पाहत राहतो. इतक्या वर्षांच्या उमेदवारीने सिद्ध झालेली ती नजर तिच्या बोलण्यासाठी पुरेशी थांबत नाही.